आपल्या रक्ताचा कागद आपल्या हाती
(औंध येथे सातारा-सांगली भागातील कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



भावाचा विषय झाला, विजेचा झाला, पाण्याचाही झाला. त्यात हा दवाखान्याचा विषय मध्येच कुठून आला, असे काही जणांना वाटले असेल. पण शेतकऱ्याच्या घरातून पैसा कोणत्या वाटांनी बाहेर जातो याचा हिशेब मांडायला बसा. बियाणे, खत, औषध, व्याज, आणि त्यांच्या पाठोपाठ दवाखाना. पहिल्या चार वाटांवर आपण वीस वेळा बोललो. पाचवीवर बोलत नाही, कारण दवाखान्याच्या दारात आपण फिर्यादी म्हणून जात नाही, हात जोडून जातो.

आज आम्ही दवाखाना फुकट करा किंवा औषधे स्वस्त करा असे मागायला उभे नाही. मागणी अगदी साधी आहे. आपल्या अंगातून रक्त काढले, थुंकी घेतली, लघवी घेतली, फोटो काढला. त्या तपासणीचा निकाल आपल्याला लेखी मिळाला पाहिजे, आपल्या हातात मिळाला पाहिजे आणि त्याचा उपयोग असेपर्यंत मिळाला पाहिजे.

कागदाचे महत्त्व शेतकऱ्याला शिकवावे लागत नाही. आपण ज्वारी घेऊन बाजार समितीत जातो. वजन होते, आडत्या हिशोबपट्टी देतो. पट्टीवर किती पोती, किती भाव, किती हमाली, किती तोलाई हे सगळे लिहिलेले असते. एखाद्या आडत्याने पट्टी न देता 'बरी निघाली ज्वारी, जा घरी' असे सांगितले तर आपण जाऊ का? एकाधिकार कापूस खरेदी चालू होती त्या काळात ग्रेडर कापसाची प्रत ठरवायचा, आणि त्याच्या एका शब्दावर आपले वर्ष उभे राहायचे किंवा कोसळायचे. ती प्रत कशी लावली हे विचारण्यासाठी आपण रस्त्यावर आलो. मग आपल्याच शरीराची प्रत कोणी लावत असेल आणि 'थोडी साखर आहे', 'रक्त जरा कमी आहे' एवढ्या दोन शब्दांवर आपल्याला परत पाठवत असेल, तर आपण गप्प का बसतो? साखर थोडी म्हणजे किती? मागच्या खेपेला किती होती? वाढली की उतरली? हे आकड्याशिवाय कळत नाही, आणि आकडा कागदावर असतो.

वेळेवर म्हणजे केव्हा?

उशिरा आलेल्या कागदाची किंमत काय असते हेही आपल्याला ठाऊक आहे. मातीचा नमुना उन्हाळ्यात द्यायचा, तो पेरणीआधी खताचे ठरावे म्हणून. पेरणी होऊन पीक गुडघ्याला लागल्यावर मृदा आरोग्य पत्रिका हातात आली तर ती भिंतीवर लावायला चांगली. शरीराचे तसेच आहे. गरोदर बाईचे रक्त तिसऱ्या महिन्यात तपासले आणि हिमोग्लोबिन कमी असल्याचे घरच्यांना नवव्या महिन्यात कळले, तर गोळ्यांनी रक्त भरून निघायचे महिने हातचे गेलेले असतात. बाळंतपणाच्या वेळी मग रक्ताची बाटली शोधत धावावे लागते.

म्हणून कोणत्या तपासणीला खरोखर किती वेळ लागतो याचा अंदाज प्रत्येकाला हवा. रक्तातल्या पेशींची साधी मोजणी यंत्रावर काही मिनिटांत होते. साखरेचेही तसेच. हे निकाल त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी मिळायला हरकत नसते. क्षयरोगासाठी थुंकीची जी नवी यंत्र-तपासणी आहे, सीबीनॅट म्हणतात ती, तिला यंत्रावर दोन तासांच्या आसपास लागतात. त्याच थुंकीतले जंतू वाढवून बघायचे असतील, म्हणजे कल्चर, तर मात्र कित्येक आठवडे लागतात, कारण क्षयाचे जंतू सावकाश वाढतात. त्यात कोणाची दिरंगाई नसते. गाठीचा तुकडा काढून तपासायचा असेल तर काही दिवस धरावे लागतात.

भेद एवढाच करायचा. जंतू वाढायला लागणारा वेळ आपण खुशीने देऊ. पण निकाल तयार होऊन टेबलाच्या खणात पडून राहतो, नमुना तालुक्याला गेला आणि कागद परत यायला गाडी मिळाली नाही, 'साहेब रजेवर आहेत, सोमवारी या' असे म्हणून तीन सोमवार जातात, तो वेळ आम्ही द्यायचा नाही. एका सोमवारी एक मजुरी बुडते आणि एसटीचे भाडे जाते. अशा तीन फेऱ्यांत कागदाचा खर्च तपासणीच्या खर्चापेक्षा जास्त होतो. मग माणूस चौथ्यांदा जात नाही, आणि रोग तसाच अंगात राहतो.

यवतमाळने काय शिकवले

आपल्या खटाव-माण-आटपाडीत ज्वारी-बाजरी मुख्य. पण हे पत्रक कपाशीच्या मुलखातही वाचले जाते, आणि या विषयातला सगळ्यात कडू धडा कपाशीनेच दिला आहे. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. शेकडो जण दवाखान्यात दाखल झाले. कोणाची दृष्टी गेली, कोणी कित्येक दिवस यंत्रावर होते. सरकारने चौकशीसाठी विशेष पथक नेमले.

फवारणीच्या औषधांत ऑर्गॅनोफॉस्फेट नावाचा एक मोठा गट आहे. मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस ही त्यातलीच. ही औषधे अंगात गेली की रक्तातले कोलिनेस्टरेज नावाचे द्रव्य निकामी होते. बाहुली बारीक होते, घाम सुटतो, तोंडाला फेस येतो, श्वास कोंडतो. कोलिनेस्टरेज किती उरले हे रक्ताच्या तपासणीने मोजता येते. त्यावरून विष याच गटातले होते का आणि किती गेले याचा अंदाज येतो. यवतमाळच्या शासकीय रुग्णालयात शेकडो माणसे दाखल होत असताना या तपासणीची सोय तिथे नव्हती, ही गोष्ट त्या वेळी समोर आली. देशात कापूस पिकवण्यात आघाडीवर असलेला जिल्हा, फवारणीचा हंगाम दरवर्षी ठरलेला, आणि फवारणीच्या विषाची तपासणी मात्र नाही.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. विषबाधेचा उपचार रिपोर्टची वाट बघत थांबवायचा नसतो. डॉक्टर लक्षणे पाहून ताबडतोब अ‍ॅट्रोपिन सुरू करतात आणि तेच बरोबर आहे. मग रिपोर्ट कशाला? पुढच्या उपचारासाठी आणि पुढच्या न्यायासाठी. रक्त लवकर घेतले नाही, आकडा कागदावर आला नाही, तर दोन महिन्यांनी 'तुम्हाला फवारणीनेच झाले कशावरून?' या प्रश्नाला उत्तर उरत नाही. सगळी विषे या एका तपासणीत दिसत नाहीत. म्हणून फवारणीनंतर कोणाला चक्कर-उलटी झाली तर औषधाचा डबा, निदान त्यावरचे लेबल, बरोबर घेऊन दवाखान्यात जा आणि त्याचे नाव केसपेपरवर लिहून घ्या.

यवतमाळच्या काही पीडित कुटुंबांनी सप्टेंबर २०२० मध्ये थेट स्वित्झर्लंडमध्ये बासेल इथे सिंजेंटा कंपनीविरुद्ध दाद मागितली. कंपनीने जबाबदारी नाकारली आहे. त्या वादाचा निकाल काय लागायचा तो लागो. पण असल्या प्रत्येक वादात पहिला प्रश्न येतो तो हाच, की कोणते औषध अंगात गेले आणि तसे कोणत्या कागदावर लिहिले आहे.

एवढे लांब कशाला जा. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची शेतकरी अपघाताची योजना आहे. २०२३ पासून ती विमा कंपनीकडून काढून सानुग्रह अनुदान म्हणून सरकार स्वतः चालवते. अपघाती मृत्यूला २ लाख रुपये. सर्पदंश आणि फवारणीची विषबाधा त्यात येते. पण विषबाधेच्या प्रकरणात शवविच्छेदनाचा अहवाल लागतो आणि व्हिसेराचा रासायनिक अहवालही लागतो. प्रयोगशाळेतून तो येईपर्यंत विधवा बाई पोलीस ठाणे आणि कृषी कार्यालय यांच्यात फेऱ्या मारते. घरातला कर्ता गेला तो गेला, आणि त्याच्या मृत्यूच्या कागदासाठी उरलेल्यांची मजुरी जाते.

कायदा काय म्हणतो

आपण औंधला बसलो आहोत. यमाईचा डोंगर समोर आहे. बहात्तर गावांचे हे छोटे संस्थान. राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी १९३९ साली, गांधीजींचा सल्ला घेऊन, राज्यकारभार रयतेच्या हाती सोपवणारी घटना इथे लागू केली. आटपाडीही तेव्हा याच संस्थानात होती. याच राजांनी सूर्यनमस्कार शाळाशाळांत नेले. तुमचे आरोग्य तुमच्या हाती आणि तुमचा कारभारही तुमच्या हाती, असे या गावाने इंग्रजांच्या अमलात पाहिले. त्याच गावात आज आपल्या रक्ताचा कागद मागायची लाज वाटू नये.

आणि हा कागद मागायला कोणाची मेहरबानी लागत नाही. तो हक्क कायद्यात आहे. १९९६ साली मुंबई उच्च न्यायालयाने महाराष्ट्र वैद्यक परिषदेविरुद्धच्या एका याचिकेत स्पष्ट केले की रुग्णाचे कागद रुग्णापासून किंवा त्याच्या नातेवाइकांपासून गुप्ततेच्या नावाखाली लपवता येणार नाहीत, खर्च घेऊन त्यांच्या प्रती द्याव्या लागतील. २००२ साली भारतीय वैद्यक परिषदेने डॉक्टरांच्या आचरणाचे विनियम केले. त्यात १.३.२ क्रमांकाचे कलम आहे. रुग्णाने किंवा त्याने अधिकार दिलेल्या माणसाने कागद मागितले तर मागणीची पोच द्यायची आणि ७२ तासांत कागद द्यायचे. दाखल रुग्णांचे कागद डॉक्टरांनी तीन वर्षे जपून ठेवायचे. २०२३ च्या ऑगस्टमध्ये नवे विनियम निघाले, पण त्याच महिन्यात ते स्थगित करून २००२ चेच पुन्हा लागू केले.

राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१८ साली रुग्णहक्कांची सनद तयार केली. तिच्यात दाखल असताना शक्यतो २४ तासांत आणि घरी सोडल्यावर ७२ तासांत कागद व तपासणी अहवाल मिळावेत असे म्हटले आहे. महाराष्ट्रात खासगी रुग्णालयांना शुश्रूषागृह नोंदणीचा कायदा लागू आहे. त्याच्या २०२१ च्या सुधारित नियमांत रुग्णहक्कांची सनद आली. खासगी रुग्णालयाच्या दर्शनी भागात ती लावलेली असली पाहिजे. पुढच्या वेळी गेलात की भिंतीकडे बघा.

सरकारी दवाखान्याला २००५ चा माहिती अधिकाराचा कायदा लागू आहे. साधी मुदत ३० दिवसांची. पण माहिती माणसाच्या जीविताशी निगडित असेल तर ४८ तासांची. अर्जाला १० रुपये लागतात, दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला तेही नाहीत. पैसे घेणारा दवाखाना किंवा लॅब असेल तर १९९५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानुसार आपण ग्राहक आहोत. सातारा आणि सांगली दोन्हीकडे जिल्हा ग्राहक आयोग आहे, आणि ५ लाखांपर्यंतच्या प्रकरणाला तिथे फी नाही.

हा झगडा आपल्यापुरता आहे असेही समजू नका. अमेरिकेसारख्या देशात २०१४ पर्यंत कित्येक राज्यांत प्रयोगशाळा रुग्णाला त्याचा निकाल थेट देत नसे, डॉक्टरमार्फतच मिळायचा. तिथल्या सरकारला नियम बदलावा लागला.

कागद कोणाच्या हातात?

आता मायबहिणींशी बोलायचे आहे. १९८६ साली चांदवडला लाखोंच्या संख्येने शेतकरी बाया जमल्या. त्यानंतर लक्ष्मीमुक्तीच्या कार्यक्रमात गावोगावच्या भावांनी बायकोचे नाव जमिनीला लावले. सातबाऱ्यावर नाव लागले. पण दवाखान्यात काय होते? तपासणी बाईची, आणि रिपोर्ट नवऱ्याच्या नाहीतर सासूच्या हातात. तिला सांगितलेच तर शेवटी, आणि तेही अर्धे. ती वाचू शकत असली तरी तिला कोणी वाचायला देत नाही. आम्ही म्हणतो, सज्ञान बाईचा कागद आधी तिच्या हातात. मोबाइलवर निकाल येणार असेल तर नंबर तिचा लिहा, किंवा ती सांगेल त्याचा. पोटातल्या बाळाचे लिंग १९९४ च्या कायद्याने कोणालाच सांगता येत नाही, ते विचारूही नये. बाकीचे सगळे तिचे आहे.

याच्याच पोटात दुसरी गोष्ट येते. सातबाऱ्याचे चावडीवाचन व्हावे असे आम्ही नेहमी म्हणतो, कारण तिथे लपवले की जमीन जाते. पण रक्ताचे चावडीवाचन करायचे नाही. कोणाला क्षय आहे, कोणाला काय आहे हे पारावर येता कामा नये. गावच्या पोराबरोबर रिपोर्ट पाठवला तर पाकीट बंद करून पाठवा, असे केंद्रात सांगा.

डॉक्टर म्हणतील, तुम्हाला काय कळते?

हा आक्षेप अगदीच पोकळ नाही. निकालाचा अर्थ डॉक्टरच लावतो. एखादा आकडा ठरलेल्या मर्यादेच्या थोडा वरखाली असला की माणूस मरणाला टेकला असे होत नाही, आणि कागद बघून घाबरून कोणी औषध बंद केले तर नुकसान त्याचेच. म्हणून कागद घेऊन पुन्हा डॉक्टरांकडेच जायचे, त्यांच्या तोंडून समजून घ्यायचे. पण कळत नाही म्हणून कागदच द्यायचा नाही, हे आम्हाला मान्य नाही. सातबारा प्रत्येकाला वाचता येतो का? म्हणून तलाठी तो स्वतःच्या घरी ठेवतो का? कागद आपल्याजवळ असला तर दुसऱ्या डॉक्टरचे मत घेता येते, तीच तपासणी पुन्हा पैसे मोजून करावी लागत नाही, आणि नावाची किंवा वयाची चूक झाली असेल तर ती पकडता येते. दोन माणसांचे नाव एकच असलेली गावे आपल्याकडे कमी नाहीत.

डॉक्टरांशी आमचे भांडण नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या माणसांवर कामाचा किती बोजा आहे हे आम्ही बघतो. भांडण आहे ते रुग्णाला अडाणी ठरवून त्याचा कागद अडवणाऱ्या पद्धतीशी.

आता करायचे काय

नमुना देतानाच तीन प्रश्न विचारा: निकाल कोणत्या दिवशी मिळेल, कोणाकडून मिळेल, आणि नमुना दिल्याची पावती कुठे आहे? पावतीवर नाव, वय, तारीख आणि नोंदणी क्रमांक हवा. निकाल हातात आला की आधी नाव आणि तारीख ताडून बघा. मग खाली सही बघा. खासगी लॅबच्या अहवालावर पॅथॉलॉजीचे पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत डॉक्टरची सही हवी, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये सांगितले आहे. घरात खताच्या रिकाम्या पिशवीत सगळ्यांचे कागद एकत्र कोंबू नका. माणशी एक पिशवी करा, तारखेवार लावा.

सरकारी आरोग्य केंद्रात आणि रुग्णालयात १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्य सरकारने तपासण्या मोफत केल्या आहेत. मोफत आहे म्हणून कागद मागायचा नाही, असे कुठे लिहिलेले नाही. तो पैसा आपल्याच करातून येतो.

तोंडी मागून कागद मिळाला तर उत्तम. नाही मिळाला तर असा अर्ज द्या:

'प्रति, वैद्यकीय अधिकारी. मी दिनांक अमुक रोजी आपल्याकडे अमुक तपासणीसाठी नमुना दिला होता. नोंदणी क्रमांक अमुक. माझे सर्व तपासणी अहवाल व केसपेपर यांच्या प्रती भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या विनियमांतील कलम १.३.२ नुसार ७२ तासांत मिळाव्यात. प्रतींचा खर्च देण्यास मी तयार आहे. अर्जाची पोच द्यावी.'

खाली सही किंवा अंगठा. दोन प्रती करा, एकीवर शिक्का आणि तारीख घ्या. पोच मिळाली की काम अर्धे झाले, कारण तिथून दिवस मोजायला लागतात. ७२ तास उलटले तर सरकारी ठिकाणी माहिती अधिकाराचा अर्ज करा. खासगी रुग्णालयाबद्दल जिल्हा शल्यचिकित्सकांकडे तक्रार करा. डॉक्टरने हट्टच धरला तर महाराष्ट्र वैद्यक परिषद आहे, आणि पैसे मोजले असतील तर ग्राहक आयोग आहे.

संघटनेच्या प्रत्येक गावशाखेने दोन कामे अंगावर घ्यावीत. एक, या अर्जाच्या पन्नास प्रती छापून शाखेत ठेवाव्यात आणि ज्याला लिहिता येत नाही त्याला भरून द्याव्यात. दोन, येत्या ग्रामसभेत ठराव मांडावा: आपल्या आरोग्य केंद्रातून कोणता नमुना कुठे जातो आणि निकाल किती दिवसांत परत येतो, याचा तक्ता केंद्राच्या दारावर लावावा. कपाशीच्या जिल्ह्यांनी त्यात आणखी एक ओळ घालावी: फवारणीचा हंगाम सुरू होण्याआधी जिल्हा रुग्णालयात कोलिनेस्टरेजची तपासणी चालू असल्याचे लेखी कळवावे.

पुढच्या जिल्हा बैठकीला येताना कोणत्या शाखेने किती अर्ज दिले, किती जणांना ७२ तासांत कागद मिळाले आणि किती जणांना नाही, हे लिहून आणा. नाही मिळाले त्यांच्या पोचपावत्याही आणा. त्या टेबलावर ठेवून पुढे काय करायचे ते ठरवू.